आठवा सातभाई

"एकटा हंस लावला ना अक्का, तर येणारा-जाणारा विचारेल, दुसरा कधी वारला?"

मी वर्कशॉपच्या दारात चप्पल काढावी की नाही या विचारात उभी होते, तेव्हा आतून हे ऐकू आलं. बोलणारे गोकुळभाऊ. मूळचे धुळ्याकडचे, जळगावात अजिंठा रोडला त्यांचं लोखंडी गेट आणि ग्रिलचं काम. हातात गेटांच्या डिझाइनचा लॅमिनेशन केलेला अल्बम. त्यांच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत सिंधूअक्का, ठिणग्यांपासून साडी वाचवायला मांडीवर पेपर पसरून बसलेल्या.

"मी एकटा हंस मागितला का? मला हंसच नको."

"मग मोर घ्या. मोर बठ्ठा लोक, सगळेच लेतस."

"मोर पिसारा फुलवतो तो कशासाठी, माहीत आहे ना?"

गोकुळभाऊंना माहीत होतं. पण तेवढ्यात त्यांना दारात मी दिसले आणि त्यांनी पान उलटलं.

अडचण अशी होती. गेटला दोन पल्ले. प्रत्येक पल्ल्यावर एक पक्षी. गेट लावलं की दोघं समोरासमोर येतात, चोचीला चोच लावून. अल्बममधली सगळी गेटं अशीच, उघडलं की विरह आणि लावलं की मीलन. हंसांच्या माना तर अशा बेताने वाकवलेल्या, की कडी लागली की मधोमध बदाम तयार व्हायचा. अक्कांनी एकसष्टाव्या वर्षी स्वतःचं पहिलं घर बांधलं होतं, आणि त्याच्या गेटवर त्यांना असा प्राणी हवा होता जो कोणाच्याही प्रेमात नाही.

"कारण मी कधी पडले नाही," त्यांनी गोकुळभाऊंना सांगितलं. चहात साखर घेत नाही हे जसं आपण सांगतो, तसं.

"मग साध्या सळया लावू."

"साध्या सळया कशाला? बत्तीस वर्षं प्राण्यांबद्दल बोलले मी. माझ्या दारात प्राणी पाहिजे. आणि लोकांनी माझी पुष्कळ चित्रं काढली गोकुळ, एक मला काढू दे."

मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "चित्र ही काढेल. तू लोखंड काप."

वास्तुशांत सव्वा महिन्यावर आली होती.

सिंधूअक्का म्हणजे चौधरी मॅडम. यावलच्या केळीवाल्या घरातल्या, जळगावच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मी त्यांची विद्यार्थिनी नाही. मी इंग्लिश मीडियमची. त्या आमच्या मागच्या घरात भाड्याने राहायच्या, एवढीच ओळख. त्यांच्याकडे दोन मराठी होत्या. एक शाळेची, खडूने लिहिल्यासारखी. दुसरी यावलची, जी फार राग किंवा फार आनंद झाला की बाहेर यायची. "काहाले" म्हणजे कशाला. असा शब्द ऐकू आला की समोरच्याने दोनपैकी काय झालंय ते चेहऱ्यावरून ओळखायचं.

माझी मराठी निराळ्याच वाटेने सुधारली. मी तेव्हा एका प्रेसमध्ये लग्नपत्रिकांची डिझाइनं करायचे. त्यामुळे मला भाजी निवडण्याचे शब्द येण्याआधी "आमचे येथे श्रीकृपेकरून" आलं. काही महिने मी मैत्रिणींना साधा मेसेज करतानासुद्धा "अगत्य यावे" लिहीत होते. कॉम्प्युटरवर पक्षी नावाचा एक फोल्डर होता. त्यात दीडशेच्या आसपास चित्रं होती आणि एकही पक्षी एकटा नव्हता. आठ तास त्या जोड्या इकडून तिकडे सरकवायच्या आणि घरी यायचं, तर घरी आई माझ्यासाठी आलेली स्थळं फोनवर सरकवत बसलेली. मी हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. मला "बघू" म्हणायची सवय लागली होती. "बघू" म्हटलं की आठ-दहा दिवस मिळतात.

अक्कांच्या घरात प्रयोगशाळेतल्यासारखी प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती. वरचं नाव मराठी, खाली लाल शाईत शास्त्रीय नाव. तीळ, मेथी, ओवा, सगळे आपापल्या कुळासह. डाळिंबाचे दाणे त्या चिमट्याने सोडायच्या. कपाटात एक शाळेची जुनी घंटा होती. चहा झाला की ती वाजवायच्या, आणि मग ज्याला ऐकू जाईल तो यायचा. दूधवाला यायचा, पोस्टमन यायचा, त्यांचे जुने विद्यार्थी आपापली मुलं घेऊन यायचे, समोरच्या घरातली सून सासूशी वाजलं की यायची आणि पाच मिनिटांनी तिची सासूही यायची. भिंतीला कपांचे बारा हुक होते. एकदा कोणीतरी त्यांना कळवळून म्हणालं, "एकट्या राहता, कंटाळा येत असेल ना?" अक्का म्हणाल्या, "येतो ना. पण तो एकटं राहायला मिळत नाही याचा."

त्यांचं एक वाक्य सगळ्या कॉलनीला पाठ होतं. "निरीक्षण सांग, निष्कर्ष नको." आई एकदा म्हणाली, "समोरची सून सारखी माहेरी जाते, घरात काहीतरी बिनसलंय." अक्का म्हणाल्या, "माहेरी जाते हे निरीक्षण. पुढचं तुमचं." आई दोन दिवस रुसली होती. तिसऱ्या दिवशी घंटा वाजली तशी गेली.

पण खुद्द अक्कांच्या बाबतीत कॉलनीने निष्कर्ष फार पूर्वीच काढून ठेवला होता. तो त्यांना कळला तो प्रसंग असा. एका बारशाला त्यांच्या शेजारी कॉलनीत नव्याने राहायला आलेल्या एक बाई बसल्या होत्या. बाईंना अक्का कोण हे ठाऊक नव्हतं. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "इथे एक चौधरी मॅडम राहतात म्हणे. बिचाऱ्या. धुळ्याच्या एका प्राध्यापकावर जीव होता त्यांचा. लग्न ठरलं आणि तो ॲक्सिडेंटमध्ये गेला. तेव्हापासून त्यांनी कोणाकडे मान वर करून बघितलं नाही."

अक्कांनी मान वर करून विचारलं, "मिशी होती का त्याला?"

"होती म्हणतात."

"आणि स्कूटर कोणत्या रंगाची?"

"निळी," बाई म्हणाल्या. खोटं एकदा चालायला लागलं की त्याला रंगसुद्धा फुटतो. घुगऱ्यांची वाटी संपेपर्यंत अक्कांनी त्या माणसाची सगळी माहिती काढून घेतली. त्याला मारवा गाता येत होता आणि गुळाची पोळी आवडत होती. घरी येऊन आम्हाला सांगताना त्या पोट धरून हसत होत्या. "बरा होता गं माणूस. मला शेजारी म्हणून चालला असता." मग हसू ओसरल्यावर चष्मा पुसत मला म्हणाल्या, "काय आहे ऋतू, कोणी मेलं असतं तर लोकांना सोपं गेलं असतं. काही झालंच नाही, हे त्यांना समजत नाही. रिकाम्या डब्यावर चिठ्ठी कसली लावायची?"

त्या गोष्टीत खरं होतं ते एवढंच, की धुळ्याचा एक प्राध्यापक होता. भास्करराव. अक्का सव्वीस वर्षांच्या असताना ते त्यांना बघायला यावलला आले होते. दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं. अक्का त्यांना म्हणाल्या, "तुम्ही चांगले आहात. मला आवडलात. पण जसा भाऊ आवडतो, मैत्रीण आवडते, तसे. त्याच्या पुढचं मला काही होत नाही, कोणाहीबद्दल. मी पुष्कळ वाट पाहून बघितली." भास्करराव केळीच्या बागेकडे बघत म्हणाले, "मग मी पोहे मोकळेपणाने खाऊ ना?" सहा महिन्यांनी त्यांचं दुसरीकडे लग्न झालं. अक्का त्या लग्नात पंगतीला वाढत होत्या. भास्कररावांची बायको त्यांची इतकी जिवाभावाची मैत्रीण झाली, की दर दिवाळीनंतर ती चार दिवस अक्कांकडे राहायला येते आणि भास्कररावांना चहा पाजून धुळ्याच्या बसमध्ये बसवून दिलं जातं.

तर, त्या वर्कशॉपहून परतलो त्या संध्याकाळी मी अक्कांच्या ओट्याजवळ उभी होते. माझ्याजवळ एक शब्द होता. दोन वर्षांपासून होता. तो मी कोणापुढे उच्चारला नव्हता, आणि माझ्या तोंडून तो कसा निघेल याचीही मला खात्री नव्हती.

"अक्का, याला एक नाव आहे," मी म्हणाले.

"कशाला?"

"तुम्ही म्हणालात ना, कधी पडले नाही. तसं असणाऱ्यांना ॲरोमँटिक म्हणतात."

अक्कांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग चिठ्ठ्यांचं पाकीट काढून एका कोऱ्या चिठ्ठीवर लाल शाईने लिहिला. "असे आणखी आहेत?"

"पुष्कळ."

"आणि मला एकसष्टाव्या वर्षी कळतंय? पाठ्यपुस्तकात का नाही हे?" मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुला कुठे सापडला?"

"असाच. फोनवर."

सूक्ष्मदर्शकाखाली चित्र स्पष्ट व्हायला जितका वेळ लागतो, तितका वेळ त्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "चहा ठेव." बत्तीस वर्षांची शिस्त. निष्कर्ष त्यांनी बोलून दाखवला नाही.

मी त्यांना फोनवर एक पान दाखवलं. तिथे जगभरातले असे लोक आपलं चिन्ह म्हणून कोणता प्राणी घ्यावा यावर वाद घालत होते. ही माझी चूक झाली, कारण पुढचे दोन तास मला फोन परत मिळाला नाही. नुसते उद्गार ऐकू येत होते.

"पेंग्विन? अरे, तो मादीला निवडून निवडून खडे आणून देतो, साखरपुड्यासारखे!"

"समुद्रघोडा! कोणी सांगितलं यांना? रोज सकाळी जोडीने नाचतात ते."

"लांडगा म्हणे. त्याच्यासारखा संसारी प्राणी आपल्या कॉलनीत नाही."

शेवटी फोन खाली ठेवून त्या अत्यंत दुःखाने म्हणाल्या, "मुलं चांगली आहेत गं. पण यांना जीवशास्त्र कोणी शिकवलंच नाही."

त्या दिवसापासून हे त्यांचं कामच होऊन बसलं. गेटपुरता प्रश्न राहिला नाही, सगळ्या जगाचा झाला. चहाला येणाऱ्या प्रत्येकाला एक प्राणी सुचवावा लागे आणि अक्का तो नापास करत. दूधवाल्याने राघू-मैना सुचवली. "एक पोपट, एक साळुंकी. दोन वेगळ्या जाती. त्यांचं लग्न लावणाऱ्याला मी पुढच्या वर्गात घालणार नाही." पोस्टमनने घुबड म्हटलं. "नर घुबड मादीला उंदीर भेट देतो. तुम्ही बायकोला काही दिलंत का यंदा?" पोस्टमनने दुसरा कप घेतला नाही. गोकुळभाऊ फोनवरून सिंहाचा आग्रह धरत होते, बिल्डरांच्या गेटवर तोच असतो म्हणून. "त्याचं दिवसभराचं वेळापत्रक मला माहीत आहे," अक्का म्हणाल्या, "आणि ते दर्शनी भागात लावण्यासारखं नाही."

मला वाटलं होतं मी चांगला शोधलाय. मी साळिंदर म्हटलं. अंगभर काटे, कोण जवळ जाणार?

अक्कांचा चेहरा इतका मऊ झाला की मला प्राणी हुकल्याचं आधीच कळलं. "साळिंदर आयुष्यभर एकाच जोडीदाराबरोबर राहतं. काटे पाडून घेतं आणि रोज माया करतं. फार गोड आहे. पण नाही."

"गोगलगाय?"

"काही जातींच्या गोगलगायी प्रेमात आल्या की एकमेकींना चुन्याचा बाण मारतात. खराखुरा बाण. पुढचं सांग."

"कासव," आई म्हणाली. आईला हे सगळं पोरकट वाटत होतं, पण स्पर्धा म्हटली की तिला राहवत नाही. "एकटं असतं, आपलं घर पाठीवर घेऊन."

यावर अक्कांनी कप खाली ठेवला. "कासव प्रेमात नसतं हे खरं. पण मी काय अंग चोरून, मान आत घालून बसते का? मले लोक लागतात. पुष्कळ लागतात. फक्त त्यातलं एक निवडून त्याच्यासाठी झुरायचं, ते मले येत नाही. एकटं जनावर नको मले. काटेरी नको, रुसलेलं नको." यावलची भाषा आली होती, आणि ती आनंदाची नव्हती.

मला तेव्हा नीट समजलं, की त्यांची घाई नुसत्या गेटसाठी नव्हती. वास्तुशांतीला सगळे भाऊबंद येणार, सगळी कॉलनी येणार, आणि गेटवर जे असेल ते म्हणजे सिंधू, असं कायमचं ठरणार. बिचारी, एकटी, काटेरी या तीन चिठ्ठ्या त्यांच्यावर आलटून पालटून लागत आल्या होत्या. चौथी त्यांना स्वतःच्या हाताने लिहायची होती.

शेवटी नाइलाजाने त्यांनी अमीबा निवडला. "स्वतःचा स्वतः दुभंगतो. कोणाला विचारत नाही, कोणाचं ऐकत नाही." मी तो दोन्ही पल्ल्यांच्या मापाचा काढला, पुठ्ठ्याचा फर्मा कापला आणि आम्ही तो वर्कशॉपमध्ये नेला. गोकुळभाऊंनी तो उभा धरला, आडवा धरला, उजेडात धरला.

"अक्का, हाई काय शे? सांडेल वरण?"

अक्का हसायला लागल्या त्या रिक्षात बसेपर्यंत थांबल्या नाहीत. अमीबा रद्द झाला. वास्तुशांत तीन आठवड्यांवर आली.

आणि मग तो सापडला कुठे, तर त्यांच्याच नव्या घराच्या आवारात. भिंतींवर पाणी मारायला अक्का रोज सकाळी जात. पाण्याचं डबकं साठे, आणि तिथे सातभाईंचा थवा येई. मातकट रंगाचे, विस्कटलेले, कायम भांडण चालू असल्यासारखे ओरडणारे. मी त्यांना शाळेत वेगळ्या नावाने शिकले होते, पण ओरडणं तेच. अक्कांनी तीन आठवडे त्यांच्याबद्दल वहीत लिहिलं होतं आणि त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं की उत्तर वहीत आहे. एके सकाळी त्यांनी मला ती वाचून दाखवली. सात जण. एक उंचावर बसून राखण करतो, मग दुसरा त्याची पाळी घेतो. फांदीवर एका ओळीत चिकटून बसतात, ज्याच्या शेजारी जागा मिळेल त्याची पिसं विंचरतात. पिल्लू एक आहे आणि त्याला सगळे भरवतात.

"पण अक्का, त्यांच्यातही एक जोडी असणारच ना?" मी विचारलं. एवढे दिवस त्यांच्यासोबत काढल्यावर मलाही पुरावा मागायची सवय लागली होती.

"असते. पण कोणती, ते मला बघून सांगता आलं नाही. आणि बाकीच्या पाचांचं त्यावाचून काही अडलेलं दिसत नाही." वही मिटून त्या म्हणाल्या, "बारा हुक आहेत ना माझ्या भिंतीला? तसे आहेत हे."

आता मी नोकरीसाठी धुळ्याला असते, आणि अक्कांचा अधूनमधून सकाळी फोन येतो. "आज गेटवर चौदा होते," त्या सांगतात. "सात हलत नव्हते."

मी सात फर्मे कापले. सात वेगळे. एक ओरडणारा, एक पाठ फिरवून बसलेला, एक दुसऱ्याच्या मानेत चोच घालून पिसू शोधणारा, एक खाली वाकून पडता पडता सावरलेला. एका पल्ल्यावर तीन आणि दुसऱ्यावर चार. गेट लावलं तरी कोणी कोणाच्या समोर येणार नाही अशी मी मापं घेतली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी जोडी न जुळवण्यासाठी फूटपट्टी वापरत होते. फर्मे देताना अक्कांनी गोकुळभाऊंना तीनदा बजावलं, "सात. मोजून सात."

वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी नऊ वाजले तरी गेटचा पत्ता नव्हता. आत पूजा सुरू झाली होती. गुरुजींना पूजेला जोडपं हवं होतं, तेव्हा अक्कांनी यावलहून आलेले भाऊ-वहिनी पाटावर बसवून दिले आणि स्वतः रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. मागे वांग्याच्या भाजीला फोडणी बसली होती, बट्ट्या तळायला घेतल्या होत्या. भास्करराव बायकोसह धुळ्याहून आले. अक्कांनी त्यांचा हात धरून बारशातल्या त्या बाईंपुढे नेलं. "या हो, ओळख करून देते. हे ते, जे वारले." बाईंच्या हातातलं सरबत हिंदकळलं. भास्कररावांना मिशी नव्हती, एवढं मात्र बाईंनी बघून घेतलं.

साडेनऊला टेम्पो आला. चार माणसांनी गेट उतरवून खांबांना टेकवलं, बिजागऱ्या बसवल्या, गोकुळभाऊंनी वरचं पोतं ओढून काढलं. तांबड्या प्रायमरमधले सातभाई उन्हात आले. खरंच ओरडताना दिसत होते. अक्का बोटाने मोजू लागल्या, सहलीच्या बसमधली मुलं मोजावीत तसं. मग परत मोजलं.

"गोकुळ, हे आठ आहेत."

"हाव ना," गोकुळभाऊ खूश होऊन म्हणाले. "एक पल्ल्यावर तीन, एकावर चार, वजन बिघडस ना अक्का! पल्ला झुकी जास. आणि सातमा एक एकला पडी जाई. शुभ काम शे. मी म्हटलं, आपल्याकडून एक वाढवू. त्याचं काही घेणार नाही."

आठवा त्यांनी बरोबर मधोमध लावला होता, चौथ्याच्या समोर. मी पाठमोरा काढलेला चौथाही त्यांनी प्रेमाने उलटा फिरवला होता. गेट लावलं की दोघांच्या चोची टेकत होत्या.

अक्कांनी त्या टेकलेल्या चोचींवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "काप."

"अक्का, मुहूर्त..."

"काप रे बापा! काहाले लावला? सव्वा महिना मी काय सांगू राहिले तुले? आठवा काप आणि त्या चौथ्याला पाठ फिरव. वजन कमी पडतं तर तिकडे टपालपेटी लाव. माझ्या नावाची. लोखंडी लाव, जड."

गोकुळभाऊंनी डोकं खाजवलं. टपालपेटीचं त्यांना सुचलं नव्हतं. मग त्यांनी मुकाट्याने ग्राइंडर काढला, वायर खिडकीतून आत दिली, आणि तो कर्कश आवाज आणि ठिणग्यांचा फवारा सुरू झाला. आतून गुरुजींचा आवाज आला, "अहो, आवाहन चाललंय! थांबवा ते!"

"दोन मिनिटं धीर धरा म्हणावं," अक्का ओरडल्या. "माझंही तेच चाललंय."

आठवा सातभाई पोत्यावर पडला. गोकुळभाऊंनी तो पकडीत धरून बादलीत बुडवला, चर्र आवाज झाला. चौथा पक्षी कापून, फिरवून पुन्हा वेल्डिंगने जोडला. ग्राइंडर थांबला. आत गुरुजी अजून रुसून गप्प होते, त्यामुळे एकदम सगळीकडे शांतता झाली. अक्का पुढे झाल्या. त्यांनी गेट लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. डोळा मिटून मधली फट तपासली. कोणी कोणाकडे बघत नव्हतं आणि सगळे एकत्र होते. त्यांच्या बोटांना प्रायमर लागला होता, एक ठिपका नाकावरही होता, नव्या साडीच्या निऱ्या त्यांनी कमरेला खोचल्या होत्या. "आता कसे माझ्यासारखे दिसू राहिले," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि एका पक्ष्याच्या डोक्यावर टपली मारली.

आई माझ्या शेजारी बट्ट्यांचं ताट घेऊन उभी होती. "छान झालं गं गेट. रविवारी धुळ्याचे तुला बघायला येतील ना, त्यांना सांगू, आमच्या ऋतूनेच काढलंय. तू काय ते 'बघू' म्हणत बसू नकोस आता."

गोकुळभाऊंनी बादलीतून आठवा बाहेर काढला. वीतभर लांबीचा, चोच उघडलेली, पाय कापलेले. "भंगारात टाकायला जिवावर येतं," ते म्हणाले आणि इकडेतिकडे बघू लागले. मी हात पुढे केला. माझा हात मलाच पुढे गेलेला दिसला.

"ताई, एकला कसाले लेतस? राहू द्या माझ्याकडे. तुमचं लगीन निघालं की याच्या जोडीला दुसरा बनवतो आणि दोन्ही भेट देतो."

सगळे हसले. आईसुद्धा. अक्का हसल्या नाहीत. त्या गेटला धरून उभ्या होत्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या, त्या संध्याकाळी ओट्याजवळ बघितलं होतं तसंच. काही सुचवत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या. मला "बघू" म्हणायचं होतं. जिभेवर तेच होतं.

"मला लग्न नाही करायचं, गोकुळभाऊ," मी म्हणाले, आतल्या गुरुजींनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "पक्षी तेवढा द्या."